व्हिडिओ चित्रीकरणाचा स्वयंरोजगार : मर्यादित भांडवल आणि कॅमेऱ्याची निवड

स्वयंरोजगाराच्या चर्चेत कर्ज, अनुदान आणि प्रशिक्षण यांचा ऊहापोह विपुल होतो. मात्र हाती आलेली मर्यादित रक्कम नेमकी कोणत्या साधनावर खर्च करावी, हा प्रश्न बहुधा नवउद्योजकावरच सोपविला जातो. वस्तुतः लहान व्यवसायाचे भवितव्य पुष्कळदा याच एका निर्णयावर अवलंबून असते. विवाह, स्नेहसंमेलने, व्याख्याने यांचे सशुल्क चित्रीकरण हा व्यवसाय या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. व्युत्पन्न मागणी, घसारा, संधी खर्च आणि खेळते भांडवल या संकल्पना येथे एकाच व्यवहारात एकत्र येतात.

समजा, तालुक्याच्या गावातील एका पदवीधर तरुणीकडे कुटुंबाची ५० हजार रुपयांची बचत आणि बँकेचे दीड लाख रुपयांचे कर्ज, असे एकूण २ लाख रुपये आहेत. संपादनासाठी संगणक घरी आहे. दुकानातील २ लाखांचा कॅमेरा तिला साहजिकच खुणावतो. तो घेतल्यास ध्वनिग्राहकाला पैसे उरत नाहीत, कर्जाचा हप्ता मात्र पुढील महिन्यापासून सुरू होतो. तिने काय करावे?

मागणी आधी, यंत्र नंतर

कॅमेऱ्याची मागणी ही व्युत्पन्न मागणी आहे. ग्राहक कॅमेरा विकत घेत नाही. तो स्पष्ट ऐकू येणारे भाषण, न तुटलेले चित्रण आणि ओळखू येणारे चेहरे यांसाठी पैसे मोजतो. त्यामुळे प्रथम कामाचे स्वरूप निश्चित करावे लागते.

तीन तासांचे स्नेहसंमेलन सभागृहाच्या मागील बाजूने टिपायचे असेल, तर कॅमकॉर्डर सोयीचा ठरतो. दूरचे दृश्य जवळ आणणारे अंगभूत भिंग, दीर्घकाळ अखंड चित्रण आणि हातात धरण्यास सुलभ बांधणी हे त्याचे गुण होत. व्यावसायिक नमुन्यांत ध्वनिग्राहकासाठी एक्सएलआर जोडणी आणि दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करण्याची सोयही मिळते. एक कार्ड निकामी झाले तरी विवाहविधी पुन्हा करता येत नाही, हे लक्षात घेतल्यास दुसऱ्या कार्डाचे मोल कळते.

भिंग बदलता येणारा छायाचित्रण कॅमेरा मंद प्रकाशात सरस असतो, कारण त्याचा प्रतिमा संवेदक मोठा असतो. परंतु त्यांपैकी काही नमुन्यांत अखंड चित्रणाला सुमारे अर्ध्या तासाची मर्यादा असते, काही तापून बंद पडतात आणि भिंगांचा खर्च वेगळा येतो. मर्यादित भांडवलात एक इंची वर्गाचा संवेदक असलेला कॅमकॉर्डर हा मध्यममार्ग ठरू शकतो. या संवेदकाचे माप सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटर असून, १/२.५ इंची वर्गाच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ चौपटीहून अधिक भरते.

आणखी एक बाब भारतीय परिस्थितीशी निगडित आहे. आपल्याकडे वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर वेग ठेवल्यास दिव्यांची लुकलुक सहसा टळते. परदेशातून आणलेल्या काही नमुन्यांत ही निवड नसते. शिवाय येथील हमीसेवाही नाकारली जाऊ शकते. अशी स्वस्ताई अखेर महाग पडते.

भांडवलाची विभागणी

४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने केल्यास ताशी ४५ गिगाबाइट जागा लागते. तीन तासांच्या कार्यक्रमाचे १३५ आणि दोन प्रती ठेवल्यास २७० गिगाबाइट होतात. म्हणजेच कॅमेऱ्याची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग होय.

वरील उदाहरणात कॅमेऱ्यासाठी ९० हजार, ध्वनिसाहित्यासाठी २० हजार, तिपाई व दिव्यांसाठी २० हजार, बॅटऱ्या, कार्डे व साठवणुकीसाठी २५ हजार आणि खेळते भांडवल म्हणून ४५ हजार रुपये अशी विभागणी करता येईल. दीड लाखाचे कर्ज १२ टक्के व्याजाने तीन वर्षांत फेडायचे असल्यास मासिक हप्ता सुमारे ४,९८२ रुपये येतो. चातुर्मासात विवाह विरळ होतात, हप्ता मात्र थांबत नाही. राखून ठेवलेल्या ४५ हजारांतून सुमारे नऊ हप्ते भागू शकतात. हंगामी व्यवसायात खेळत्या भांडवलाचे महत्त्व यावरून स्पष्ट व्हावे.

विकत की भाड्याने?

चार वर्षांनंतर ९० हजारांच्या कॅमेऱ्याचे १८ हजार रुपये येतील असे मानल्यास वार्षिक घसारा १८ हजार रुपये होतो. गुंतलेल्या रकमेवरील व्याज १०,८०० आणि विमा व दुरुस्ती ७,२०० रुपये धरल्यास मालकीचा वार्षिक खर्च ३६ हजार रुपये भरतो. या व्याजात स्वतःच्या बचतीचाही अंश धरावा लागतो, कारण तोच पैसा अन्यत्र गुंतवता आला असता. हाच संधी खर्च.

दैनिक भाडे २ हजार रुपये असेल, तर ३६,००० ÷ २,००० = १८ दिवस हा समतोल बिंदू मिळतो. वर्षाला १२ दिवसच काम मिळणार असेल, तर भाड्याचा खर्च २४ हजारांतच भागतो. ४० दिवस मिळणार असेल, तर खरेदी किफायतशीर ठरते. मागणीचा अंदाज नसताना पहिला हंगाम भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढणे, हा म्हणूनच भित्रेपणा नसून माहिती मिळविण्याचा स्वस्त मार्ग होय.

धोरणात्मक चौकट

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंतचे ‘तरुण’ गटात मोडते. या उदाहरणातील कर्ज ‘किशोर’ गटातील आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये दोन जुन्या योजनांच्या विलीनीकरणातून आकारास आला. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीच्या सुधारित निकषांत सेवा उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २० लाख रुपये, तर अनुदान प्रवर्ग व स्थानानुसार १५ ते ३५ टक्के होते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. कराच्या बाजूने पाहता, डिजिटल कॅमेरे व व्हिडिओ कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कराचा दर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटकृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, काम करवून घेणारी व्यक्ती असते. त्यामुळे ग्राहकाच्या विवाहाचे चित्रण जाहिरातीसाठी वापरायचे असल्यास तशी लेखी अट आधीच घालावी.

सारांश, सर्वोत्तम कॅमेरा आणि व्यवसायासाठी योग्य कॅमेरा एकच असेल असे नाही. कर्ज उपलब्ध करून देणे ही धोरणाची पहिली पायरी होय. ते कर्ज उत्पन्न देणाऱ्या साधनात रूपांतरित होते की घरातील कपाटात पडून राहते, हे उद्योजकाच्या हिशेबावर ठरते. स्वयंरोजगार योजनांचे मूल्यमापन करताना वितरित कर्जाच्या आकड्यांबरोबरच अशा हिशेबाचे शिक्षण किती जणांपर्यंत पोहोचले, हाही निकष विचारात घ्यावयास हवा.