कौशल्याची नोंद व कौशल्याची पारख

एखाद्या कामासाठी माणूस निवडावयाचा म्हणजे तो पुढे ते काम कसे करील याचा आज अंदाज बांधावयाचा. हवामानाचा अंदाज खरा की खोटा हे दुसऱ्याच दिवशी कळते. माणसाविषयीचा अंदाज पडताळण्यास मात्र कित्येकदा वर्ष लागते; आणि ज्याला नाकारले त्याच्याविषयीचा अंदाज तर कधीच पडताळला जात नाही. त्याने ते काम कसे केले असते, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. या अडचणीमुळे नोकरी देणारे लोक कोणत्या ना कोणत्या बाह्य खुणेचा आधार घेत आले आहेत. आपल्या काळातील सर्वांत सोयीची खूण म्हणजे शाळेचा दाखला किंवा विद्यापीठाची पदवी होय.

ही खूण कामाशी जुळते की नाही, हा प्रश्न अमेरिकेत एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्रेपर येथे ड्यूक पॉवर कंपनीचे वीजकेंद्र होते. तेथे कृष्णवर्णीय कामगारांना केवळ मजूर विभागात ठेवीत. त्या विभागातील सर्वाधिक वेतनसुद्धा इतर विभागांतील सर्वांत कमी वेतनापेक्षा कमी असे. नोकरीतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अंमलात आला. मजूर विभागातून वर जाण्यासाठी कंपनीने माध्यमिक शाळेच्या दाखल्याची अट घातली होतीच. नव्या उमेदवारांसाठी लेखी चाचण्यांची अट तिने नेमकी त्याच दिवशी जोडली. तेरा कामगारांनी दावा लावला. ८ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, कामाशी संबंध दाखविता येत नाही अशी अट वरवर सर्वांना सारखी दिसत असली, तरी तिने एका वर्गाची वाट अडत असेल तर ती चालणार नाही. या खटल्यातील एक गोष्ट फार बोलकी आहे. दाखल्याची अट येण्यापूर्वी नेमलेले, दाखला नसलेले गोरे कामगार त्याच विभागांत समाधानकारक काम करीत होते व बढत्याही मिळवीत होते. अटीचा पोकळपणा दाखविणारा पुरावा कंपनीच्याच पटावर होता!

मग दाखला नको तर काय पहावे? या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने वळणाऱ्या पहिल्या लोकांत हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे मानसशास्त्रज्ञ होते. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ट्रामचालक व टेलिफोन जोडून देणाऱ्या मुली यांच्यासाठी केलेल्या चाचण्यांचे वर्णन केले आहे. टेलिफोन कंपनीचा या चाचण्यांवर विश्वास नव्हता. तिने त्यांना न सांगता आपल्या काही निष्णात, अनुभवी कामगार मुली नवशिक्यांच्या वर्गात बसवून दिल्या. चाचणीचे निकाल लागले तेव्हा त्याच मुली अग्रभागी आढळल्या. चाचणीचीच चाचणी घेण्याची ही युक्ती शंकेखोर व्यवहारी माणसांना सुचली, हे मजेचे आहे.

पुढे या शास्त्राने मोजण्याचे एक माप निश्चित केले. निवडीच्या वेळी मिळालेले गुण व नंतर प्रत्यक्ष कामात दिसलेली गुणवत्ता यांचा मेळ किती, हे सहसंबंधगुणांक या आकड्याने दाखवितात. मेळ पूर्ण असेल तर हा आकडा १, मुळीच नसेल तर ०. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेण्याच्या पद्धतीला ०.५४, सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीला ०.५१, आणि शिक्षणात घालविलेल्या वर्षांना केवळ ०.१० एवढा गुणांक मिळाला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिशेबातील एक गणिती दुरुस्ती अवाजवी होती असे दाखवून बरेच आकडे खाली आणले. कामाच्या नमुन्याचा गुणांक ०.३३ झाला, आखीव मुलाखतीचा ०.४२. तरीसुद्धा विस्कळीत गप्पांच्या मुलाखतीपेक्षा, जिचा गुणांक ०.१९ निघाला, या दोन्ही पद्धती वरचढच राहिल्या. माणसाची अचूक पारख करणारे साधन कोणापाशीच नाही, आणि जी साधने त्यातल्या त्यात बरी आहेत ती वेळखाऊ आहेत, एवढे या आकड्यांवरून दिसते.

वेळखाऊपणा हीच येथील मेख आहे. दहा उमेदवारांकडून कामाचा नमुना करवून घेता येतो. दहा हजारांकडून नाही. आणि इंटरनेटमुळे एका जागेसाठी हजारो अर्ज येऊ लागले. व्यावसायिक लोकांच्या ओळखीपाळखी जोडून देणारे लिंक्डइन हे संकेतस्थळ अमेरिकेत ५ मे २००३ रोजी सुरू झाले. २०१६ मध्ये ते मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले, आणि २०२३ मध्ये त्याची सभासदसंख्या एक अब्जावर गेली. भारतातील सभासद त्याच वर्षी दहा कोटींवर पोचले. अमेरिकेखालोखाल हीच संख्या मोठी आहे. सभासद आपले शिक्षण, अनुभव व कौशल्ये लिहून ठेवतो, आणि माणसे शोधणाऱ्या संस्था पैसे भरून त्या नोंदींतून शोध घेतात. नोंदींच्या या प्रचंड वहीत कोण वर दिसावे व कोण तळाशी रहावे, हे माणूस ठरवीत नाही. पायऱ्यापायऱ्यांची गणितरीत, म्हणजे अल्गोरिदम, ठरविते.

परंतु ती गणितरीत कशी असावी, हे कोणीतरी माणूसच ठरवितो. त्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. मराठीत उत्पादन-व्यवस्थापक म्हटले तर कारखान्यातील देखरेख करणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून इंग्रजी शब्द ठेवलेलाच बरा. या पदाचा उगम सहसा साबणाच्या धंद्यात सांगतात. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील नील मॅकएलरॉय या तरुणाने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. कंपनीच्या एकेका साबणाची विक्री, जाहिरात व दोष-संशोधन यांची सर्व जबाबदारी एकेका माणसाकडे द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. (हेच गृहस्थ १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.) संगणकाच्या धंद्यात हा माणूस स्वतः यंत्राची आज्ञावली लिहीत नाही, आणि बहुधा अभियंत्यांवर त्याची हुकमतही नसते. कोणाची कोणती अडचण सोडवावयाची, आधी काय बांधावयाचे, आणि यश कशावरून मोजावयाचे, हे ठरविणे हे त्याचे काम. या कामासाठी ठरावीक अशी पदवी नाही. त्यात अभियंते येतात तसे वाणिज्य व कला शाखांचे लोकही येतात. म्हणून खुद्द त्याची निवड करताना पुष्कळदा एखादी काल्पनिक अडचण पुढे ठेवून तो ती कशी उलगडतो ते पाहतात, म्हणजेच कामाचा नमुना घेतात.

लिंक्डइनने कौशल्य या गोष्टीला यंत्राच्या वहीत जागा देण्याचे जे प्रयत्न केले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २०११ मध्ये सभासदाला आपली कौशल्ये स्वतः नोंदविण्याची सोय झाली. येथे पहिली अडचण भाषेची. ‘पायथन’ असे लिहिणारा संगणकाची भाषा जाणतो की साप पकडतो? हिशेबनीस व लेखापाल हे एकच की दोन? यासाठी कौशल्यांची एक मोठी वर्गवारी रचावी लागली. २०२३ च्या सुमारास तीत सुमारे ३९,००० कौशल्ये होती, आणि एकाच कौशल्याची निरनिराळी नावे त्याहून कितीतरी अधिक. मराठी, बंगाली, तेलुगू व पंजाबी या भाषांत हे संकेतस्थळ २०२४ मध्ये उपलब्ध झाले, तेव्हा ही अडचण आणखी वाढली असेल हे उघड आहे.

दुसरी अडचण खरेखोटेपणाची. स्वतःविषयी कोणीही काहीही लिहील. म्हणून २०१२ च्या सप्टेंबरात ओळखीच्या माणसांनी एका कळीसरशी दुजोरा देण्याची पद्धत निघाली. ती कमालीची लोकप्रिय झाली, आणि तेथेच तिचा कमकुवतपणा उघडा पडला. दुजोरा देण्यास काहीच कष्ट नसल्यामुळे ज्यांनी कधी काम पाहिले नाही असे लोकही तो देऊ लागले. एकाने दिला की दुसरा परतफेड करी. शिफारशीला किंमत येते ती देणाऱ्याची पत पणाला लागते म्हणून. पत पणाला लावल्यावाचून दिलेली शिफारस म्हणजे लग्नातल्या आहेरासारखी देवघेव होय.

तिसरा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. सभासदाने पर्यायी उत्तरांची एक छोटी चाचणी द्यावी, आणि तो वरच्या तीस टक्क्यांत आला तर त्याच्या नावापुढे खूण लागावी, अशी योजना होती. पदवी नसलेल्यालाही येथे संधी होती, ही या योजनेची खरी बाजू. पण चाचणी घरी बसून द्यावयाची. प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर खुलेपणाने फिरू लागली. २०२३ च्या अखेरीस या चाचण्या बंद करण्यात आल्या.

या तिन्ही प्रयत्नांत प्रॉडक्ट मॅनेजरपुढे एकच पेच दिसतो. किती लोकांनी कळ दाबली, हे त्याला त्याच दिवशी मोजता येते. निवडलेला माणूस कामात कसा निघाला, हे वर्षाने आणि तेही दुसऱ्याच संस्थेच्या दप्तरात कळते. जे लगेच मोजता येते त्यालाच यश म्हणण्याचा मोह मोठा असतो. म्युन्स्टरबर्ग यांच्या चाचणीचा पडताळा टेलिफोन कंपनीने आपल्याच मुलींवर घेतला; एका अब्ज लोकांच्या वहीला असा पडताळा सहज मिळत नाही.

यंत्राची वही कितीही सुधारली तरी शेवटचा निर्णय नोकरी देणाऱ्याचा असतो. २०१५ मध्ये अमेरिकेत कारखान्यातील पर्यवेक्षकाच्या जागांसाठी निघालेल्या जाहिरातींपैकी ६७ टक्के जाहिराती पदवी मागत होत्या, तर प्रत्यक्ष त्या पदावर काम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांपाशीच पदवी होती. अशा अटींवर टीका झाली, आणि अनेक कंपन्यांनी त्या काढल्याचे जाहीर केले. मेरिलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी जागांवरील पदवीची अट उठविली. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल व बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांच्या नेमणुका तपासून पाहिल्या, तेव्हा या बदलामुळे पदवी नसलेल्यास संधी मिळाल्याची उदाहरणे वर्षाच्या सातशे नेमणुकांमागे एकसुद्धा भरली नाहीत. अट काढणाऱ्या कंपन्यांपैकी ४५ टक्के कंपन्यांत बदल केवळ जाहिरातीच्या मजकुरात झाला होता. निवडली जाणारी माणसे पूर्वीसारखीच होती. १८ टक्के कंपन्या थोडे पुढे जाऊन पुन्हा जुन्या वाटेला लागल्या होत्या. उरलेल्या ३७ टक्के कंपन्यांनी मात्र पदवी नसलेली माणसे खरोखरच अधिक प्रमाणात घेतली होती.