आधी लेबल वाचा, मग कुत्र्याला लावा

जूनचे पहिले पाऊस झाले की बोईसरमध्ये कुत्रा पाळणाऱ्या घरांत एकच तक्रार ऐकू येते: कानामागे गोचीड सापडली. पालघर, बोईसर, तारापूर हा सगळा पट्टा समुद्राला लागून. चार महिने धो-धो पाऊस आणि एरवीही दमट हवा. कुत्र्याच्या कातडीचे बरेचसे त्रास इथे या ओलीमुळे वाढतात आणि त्यांवर उपाय म्हणून माणसं दुकान गाठतात. दुकानात शाम्पू, पावडर, गोचिडीचं औषध, गळपट्टे, रेनकोट, बूट, चघळायच्या काड्या असं सगळं शेजारी शेजारी टांगलेलं असतं. त्यातली एखादी वस्तू फार उपयोगाची असते, एखादी निरुपयोगी आणि एखादी जिवावर बेतणारी. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी एक गावठी कुत्री आहे. पावसाळ्यात तिच्या अंगावर गोचिड्या झाल्या तेव्हा एका दुकानदाराने औषधाची छोटी बाटली दिली आणि ‘बादलीत दोन झाकणं टाका’ एवढंच सांगितलं. बाटलीवर गाईचं चित्र होतं, सूचनांचा कागद मात्र नव्हता. अंघोळीनंतर थोड्याच वेळात कुत्रीची लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, हाक मारली तरी ती मान उचलेना. पशुवैद्यांनी आधी बाटली मागितली, मग कुत्रीला हात लावला. औषध होतं अमिट्राझ. उपचाराने ती बरी झाली, पण ती रात्र घरातलं कोणीही विसरलेलं नाही.

अमिट्राझ हे वाईट औषध नाही. गोचिडीवर आणि लुतेवर ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. पण ते तीव्र द्रावणाच्या रूपात मिळतं आणि लिटरभर पाण्यात मोजून काही मिलिलिटरच घालायचं असतं. प्रमाण चढलं किंवा कुत्र्याने ओलं अंग चाटलं, तर सुस्ती, उलट्या, मंदावलेली नाडी, थंड पडत जाणारं अंग अशी लक्षणं दिसतात. हे औषध रक्तातली साखर वाढवतं, त्यामुळे मधुमेही कुत्र्याला ते लावत नाहीत. लहान पिल्लांनाही नाही. झाकण हे माप नव्हे. औषधासोबत सुई नसलेली सिरिंज घ्यावी, कागद नसेल तर बाटली परत करावी.

जनावरांच्या औषधांबाबत आणखी एक धोका आहे. गावाकडे गुरांना टोचतात ते आयव्हरमेक्टिन अनेकदा कुत्र्यालाही अंदाजाने दिलं जातं. कोली आणि तिच्या जवळच्या मेंढपाळ जातींमध्ये एक जनुकीय दोष आढळतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा बेशुद्ध पडू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हा दोष २००१मध्ये शोधला. संकरित कुत्र्यात कोणत्या जातीचं रक्त आहे हे नुसतं पाहून कळत नाही, म्हणून गुरांची सुई कुत्र्याला नकोच.

गोचीड एवढी गंभीर का घ्यायची? कारण ती रक्तातले रोग पसरवते. बबेसिया गिब्सोनी या परजीवीची पहिली नोंद भारतातलीच आहे. डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९१०मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तो पाहिला. याच्या जोडीला एर्लिकिया हा दुसरा आजार. ताप, खाणं सुटणं, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी, नाकातून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी रक्त तपासावं.

कुत्र्यांवर नेहमी दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्याचा मोठा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, गोणपाटाखाली हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला कितीही महागडं औषध लावलं आणि त्याची गादी, कोपरे, जिन्याखालची जागा तशीच राहिली, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. चाळीत किंवा इमारतीत एकाच घराने औषध लावून भागत नाही. शेजारच्या कुत्र्यांचाही विचार करावा लागतो.

आज गोचिडीसाठी तीन मार्ग सहज मिळतात: मानेवर सोडायचे थेंब, औषधी गळपट्टा आणि खायची गोळी. थेंबांपैकी फिप्रोनिलच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालत नाहीत. भर पावसात रोज भिजणाऱ्या कुत्र्यावर त्याचा गुण कमी दिसतो तो यामुळेच. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर या गोळ्यांवर पावसाचा परिणाम होत नाही, म्हणून या पट्ट्यात त्या सोयीच्या पडतात. मात्र या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८मध्ये दिला होता. पूर्वी फिट आलेल्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगावं. गोळी असो वा थेंब, वजनाप्रमाणे पाकीट बदलतं. मोठ्या कुत्र्याचं पाकीट आणून अर्धं लहान कुत्र्याला देण्याची काटकसर करू नये.

घरात मांजर असेल तर जास्तच सावध राहावं. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ते मांजरासाठी विष आहे. थेंब वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवावं, किंवा परमेथ्रिन नसलेलं औषधच निवडावं.

गोचिडीवर रॉकेल ओतणं, कुत्र्याच्या बिछान्यात डांबरगोळ्या ठेवणं, न पातळ केलेलं टी ट्री तेल चोळणं हे उपाय अजूनही ऐकायला मिळतात. तिन्हींनी विषबाधा होते. एखाद-दुसरी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये, साबणाच्या पाण्यात बुडवावी.

शाम्पूचं गणित सोपं आहे. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी, कुत्र्याची बरीचशी उदासीन आणि तिचा वरचा थरही पातळ. माणसांचा शाम्पू, बाळांचासुद्धा, वारंवार वापरला तर कातडी कोरडी पडते आणि खाज वाढते. बुरशीसाठी डॉक्टर क्लोरहेक्सिडिन किंवा मायकोनॅझोलचा शाम्पू लिहून देतात. तो फेस होताच धुऊन टाकला तर पैसे वाया जातात. दहा मिनिटं अंगावर राहायला हवा. नंतर काखा, जांघा, बोटांमधल्या फटी आणि कानांचा बाहेरचा भाग टॉवेलने पूर्ण कोरडा करावा. सुगंधी पावडर ओल्या केसांत थापू नये. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांचे केस उकाडा म्हणून मुळापासून भादरू नयेत. आतल्या मऊ केसांसाठीचा कंगवा फिरवला की गळणारा थर निघतो आणि कातडीला हवा लागते.

दात घासण्यासाठी माणसांची टूथपेस्ट मुळीच नको. काहींमध्ये झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो. तो पोटात गेला की कुत्र्याची साखर झपाट्याने घसरते आणि जीव जाऊ शकतो. शुगर-फ्री च्युइंगगमचंही तेच. ताप किंवा लंगडणं दिसलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देणंही तितकंच घातक आहे.

गळपट्टा, साखळी आणि हार्नेस यांत मजबुतीपेक्षा माप महत्त्वाचं. गळपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरून बांधायचा हार्नेस बरा, गळा आवळणारी साखळी नको. पावसात चामडी पट्टा ओला राहतो आणि त्याखाली कातडी सोलते, म्हणून चार महिने नायलॉनचा पट्टा वापरून घरी आल्यावर काढून ठेवावा. बांधून ठेवण्याबद्दल तर कायदाच बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात कलम ११खाली अवास्तव आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवास्तव काळ बांधणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही, तर तोही गुन्हाच. तोंडाला कापडी मुसकं बांधून उन्हात फिरवू नये. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे तोंड उघडता येईल अशी जाळीची टोपलीच हवी.

पायांसाठीचे बूट बोईसरच्या पावसात फारसे टिकत नाहीत. आत पाणी शिरतं आणि बोटं ओलीच राहतात. त्यापेक्षा फिरून आल्यावर साध्या पाण्याने पंजे धुऊन पुसणं चांगलं. एमआयडीसीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. तिथल्या डबक्यातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो आणि तो कुत्र्याकडून घरातल्या माणसांना लागू शकतो. त्याची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी द्यावी.

केळवे, चिंचणी, सातपाटीच्या किनाऱ्यावर नेताना सोबत गोडं पाणी घ्यावं. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि मग जुलाब-उलट्या होतात. मासेमारीच्या गावांत वाळूत गळ आणि जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात, तिथे पट्टा सोडू नये. परतल्यावर अंगावरचं खारं पाणी धुवावं.

नवी वस्तू आणली तर एका वेळी एकच वापरायला घ्यावी. शाम्पू आणि गळपट्टा एकदम बदलले तर पुरळ कशाने उठलं हे कळत नाही. शाम्पू पोटाच्या कडेला थोड्या जागेवर लावून एक दिवस थांबावं. खेळणं कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं असावं आणि तुकडे पडू लागताच फेकून द्यावं. बाटली, पाकीट आणि सूचनांचा कागद जपून ठेवावा. काही बिघडलंच तर डॉक्टरांना तोच सर्वांत आधी लागतो.

यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी आपल्या कुत्र्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. त्याचं वजन करा, लसींची नोंद पाहा, गोचिडीचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि मगच दुकानात जा.