मधला दिवस जहाजाचा

आमच्या कर्जत-खोपोलीकडची माणसं हल्ली क्रूझला जाऊ लागली आहेत. कुणाला निवृत्तीचे पैसे मिळालेले असतात, कुणाच्या लग्नाची चाळिशी, कुणाला मुलांनी भेट दिलेली. मुंबईहून निघायचं, दोन-तीन रात्रींत गोवा करून परत यायचं, फार तर लक्षद्वीपपर्यंत जायचं. एकदा चटक लागली की घरातलं कुणीतरी हिशेब मांडतं: आपली सफर ज्या सकाळी संपते त्याच संध्याकाळी तेच जहाज दुसऱ्या सफरीला निघतंय, मग उतरायचंच कशाला? आम्हीही तसाच हिशेब मांडला आणि लागोपाठच्या दोन सफरींची तिकिटं काढली. आमचे हे, मी, खोपोलीच्या वन्सं आणि भावोजी. जानेवारीचे दिवस होते. आधी गोवा, मग लक्षद्वीप.

बेत वाईट नाही, मी पुन्हाही करीन. पण मधल्या दिवसाबद्दल कुणी धड बोलत नाही. तिकिटं विकणारा तर नाहीच नाही. तो म्हणाला होता, ‘तुम्हाला काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं.’

बसून राहता येत नाही. आपल्या मनात ती एकच लांबलचक सहल असते, जहाजाच्या दप्तरात मात्र दोन वेगळ्या सफरी असतात आणि पहिलीचा दुसरीशी काडीचाही संबंध नसतो. एसटी खोपोलीला पोचली, फलक बदलला आणि तीच गाडी परत निघाली, तर आपण सीट न सोडताही कंडक्टर नवं तिकीट फाडतोच. इथे तिकिटाबरोबर जहाजाचं कार्ड, बिल, खोली, कागदपत्रं, सुरक्षा तपासणी, सगळंच नव्याने.

सुरुवात आदल्या रात्रीच होते. जेवण उरकून वर आलो तर बोळातून चालायला जागा नाही. प्रत्येक दाराबाहेर रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या बॅगा. उतरणारे प्रवासी रात्री आपलं सामान बाहेर ठेवतात, खलाशी ते खाली नेतात आणि सकाळी ते धक्क्यावर मिळतं. आपण पुढेही जाणार असलो तर बॅग बाहेर ठेवायची नाही. हे सोपं वाटतं, पण वन्संनी शेजारच्यांचं बघून आपलीही बॅग बाहेर ओढली होती. त्यात भावोजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आमच्या मजल्यावरचा स्टुअर्ड गोव्याचा, मडगावकडचा, तो वेळेवर दिसला म्हणून बॅग परत आत आली. तेव्हा एक करा: आदल्या दिवशी दुपारीच रिसेप्शनवर जाऊन सांगा की आम्ही पुढच्या सफरीलाही आहोत. यादीत नाव असतंच, पण एकेका स्टुअर्डकडे डझनावर केबिनी असतात, त्याला त्या रात्री यादी वाचायला उसंत नसते. औषधं, चष्मा, ओळखपत्रं आणि दुसऱ्या सफरीचे छापील पास एका खांद्याच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खांद्यावरून उतरवायची नाही.

बिलाचंही तसंच. पहिल्या सफरीचा हिशेब त्या रात्री बंद होतो. कोल्ड्रिंकचं, इंटरनेटचं जे काही पॅकेज घेतलेलं असतं ते सकाळी मरतं. नवीन हवं तर नवीन पैसे. पहाटे फोन लागेना म्हणून भावोजी चिडले होते, पण इंटरनेटची मुदतच संपली होती. यात पैशाची एक मेख आहे. जहाजावर चढताना आपल्या बँकेच्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. पहिल्या सफरीची अडकलेली रक्कम सुटायच्या आत दुसऱ्या सफरीची अडकते. क्रेडिट कार्ड असेल तर फारसं जाणवत नाही, डेबिट कार्ड असेल तर बँकेतले खरेखुरे पैसे काही दिवस हाताबाहेर जातात. पेन्शनच्या खात्याचं कार्ड देऊ नका.

सकाळी जाग आली तेव्हा जहाज बॅलार्ड पियरला लागलेलं होतं. एके काळी विलायतेच्या बोटींचे प्रवासी इथे उतरत आणि १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल त्यांना घेऊन या धक्क्याजवळूनच पेशावरकडे सुटायची. आज बाहेर टॅक्सीवाले आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे जाणाऱ्यांना एका हॉलमध्ये जमवलं. उतरणाऱ्यांची रांग संपेपर्यंत आम्ही बसून. मग खाली उतरा, ओळखपत्र दाखवा, पिशवी यंत्रातून काढा, नवीन कार्ड घ्या, पुन्हा वर चढा. काही बंदरांत नुसतं कार्ड बदलून देतात आणि वरच बसू देतात, काही ठिकाणी प्रत्येकाला उतरवल्याशिवाय सुटका नसते. हे बंदर, जहाज आणि त्या दिवशीचा अंमलदार या तिघांवर अवलंबून, म्हणून विचारायचं ते आदल्या दिवशी आणि रिसेप्शनवरच. लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, १९६७ पासूनचा नियम आहे. आमचा परवाना जहाजवाल्यांनीच काढला होता, पण त्यासाठी दिलेल्या ओळखपत्राची अस्सल प्रत पुन्हा दाखवावी लागली. गोव्याच्या सफरीत चाललं म्हणून इथेही मोबाइलवरचा फोटो चालेल, असं धरू नका.

आता खरा मुद्दा. कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या माणसाला मधल्या दिवशी जो मोह होतो, तो दिल्ली-नागपूरच्या प्रवाशाला होत नाही. घर जवळ असतं. बॅलार्ड पियरवरून सीएसएमटी टॅक्सीने हाकेच्या अंतरावर, तिथून कर्जत लोकल दोन-सव्वादोन तास. जहाज सुटणार संध्याकाळी पाचला. भावोजींच्या शेतात वाल काढणीला आला होता आणि गड्यावर त्यांचा भरवसा नाही.

‘वहिनी, जाऊन येतो की पटकन. तीन वाजता इथे हजर.’

‘भावोजी, आज रविवार आहे.’

‘जाताना ब्लॉक लागायच्या आत पोचतो.’

जाताना खरोखर पोचले. येण्याचा विचार कुणी केला नव्हता. कर्जतला उतरले तेव्हा खोपोलीची गाडी नुकतीच सुटलेली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली हा मार्ग एकेरी आहे, एक गाडी गेली की पुढची तासा-दीड तासाने. रिक्षा करून शेतावर जायचं तर परतायला वेळ उरत नाही. फलाटावर उभे राहून त्यांनी गड्याला फोन केला, जे काम तर सकाळी मुंबईतूनही झालं असतं. मग आमच्यासाठी दिवाडकरांचे वडे बांधून घेतले आणि उलट्या लोकलमध्ये बसले. तोवर मेगाब्लॉक सुरू झालेला. जलद गाडी धिम्या मार्गावर, मुलुंडच्या पुढे प्रत्येक स्टेशनाबाहेर खोळंबा. इकडे धक्क्यावर वन्सं घड्याळ आणि दार यांच्याकडे आळीपाळीने बघतायत. जहाज पाचला सुटतं म्हणजे दार पाचला बंद होत नाही. दीड-दोन तास आधी चढणाऱ्यांची यादी मिटते आणि तीच वेळ खरी. भावोजी ती मिटायच्या जेमतेम आधी घामाघूम होऊन आले आणि तपासणीवाल्याने वड्यांचा पुडा बाजूला काढून ठेवला. बाहेरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. भावोजींना जहाज हुकण्याच्या भीतीपेक्षा त्या पुड्याचंच दुःख जास्त झालं असावं.

रस्त्याने गेलं असतं तर? १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून खालापूरहून शिवडी खूप जवळ आली आहे, हे खरं. पण रविवारी दुपारी लोणावळ्याहून परतणारी मुंबई खालापूरच्या टोलनाक्यावर येऊन थांबते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जहाज हुकलं तर पैसे परत नाहीत. तुमची चूक असो, रेल्वेची असो की एक्स्प्रेसवेची. आणि जहाज पुढच्या बंदरात गाठायचं म्हटलं तर लक्षद्वीपला कुठून गाठणार? मधल्या दिवशी फोर्टच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे. घरून काही हवंच असेल तर मुलाला किंवा पुतण्याला सकाळच्या लोकलने धक्क्याच्या दारापर्यंत बोलवा. आमच्या पुतण्याने कोरडी औषधं आणि यांचा दुसरा चष्मा असाच आणून दिला, अर्ध्या तासात काम झालं.

केबिनचा घोळ वेगळाच. ‘खोली तीच’ असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं, पण दोन्ही तिकिटं स्वस्तातल्या वर्गाची, ज्यात खोलीचा नंबर जहाजवालेच शेवटी ठरवतात. दुसऱ्या सफरीला आम्ही तीन मजले वर. अशा वेळी हँगरवरचे कपडे काढायचे नाहीत, कर्मचारी ते तसेच उचलून नव्या कपाटात टांगतात. खणातलं आणि बाथरूममधलं तेवढं बॅगेत भरायचं. पण जुनी खोली सकाळी आठ-साडेआठला सोडायची आणि नवी तयार होते दुपारी. मधले चार-पाच तास तुम्हाला बूड टेकायला खोली नाही. गुडघेदुखीवाल्यांनी आणि दुपारी आडवं व्हायची सवय असणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त गेले तरी दोन्ही तिकिटांवर एकच केबिन नंबर लिहून घ्यावा. लिहूनच. तोंडी शब्दाला समुद्रावर किंमत नाही.

या तासांत जहाजाकडून फारशी सेवेची अपेक्षाही ठेवू नये. तो कर्मचाऱ्यांचा सगळ्यात कष्टाचा दिवस. एका दारातून कचरा आणि मळक्या चादरी बाहेर, दुसऱ्या दारातून भाज्या, दूध, पाण्याच्या बाटल्या आत. काहींची नोकरीची मुदत संपून ते घरी निघालेले, त्यांच्या जागी नवे आलेले. जेवणाची एकच खिडकी चालू, पोहण्याचा तलाव जाळीने झाकलेला. पण वरच्या डेकवर गर्दी नसते आणि आदल्या दिवशी ज्या खुर्च्यांसाठी लोकांनी टॉवेल टाकून ठेवले होते त्या सगळ्या रिकाम्या. वन्सं तिथे असत्या तर त्यांना आवडलं असतं, पण त्या खाली धक्क्यावर भावोजींची वाट बघत होत्या.

मुलांकडे परदेशी जाऊन तिथून लागोपाठ सफरी करणारेही आता आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त. तिथे मधला दिवस सरळ सरहद्दीचा प्रश्न होतो. अमेरिकेच्या बंदरात जहाजावरचा शेवटचा प्रवासी उतरून मोजणी शून्यावर आल्याशिवाय नवीन माणूस चढवत नाहीत. आपण पुढे जाणार असलो तरी इमिग्रेशनपुढे उभं राहावंच लागतं. शिवाय १८८६ चा एक कायदा आहे, ज्यामुळे परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वाहून नेऊ शकत नाही, वाटेत दूरचं परकीय बंदर लागल्याशिवाय. समजा लॉस एंजेलिसहून व्हँकुव्हर ही एक सफर आणि त्याच जहाजाने व्हँकुव्हरहून अलास्का ही दुसरी. सुटी सुटी दोन्ही चालतात. जोडली की कायद्याच्या लेखी तुम्ही लॉस एंजेलिसहून अलास्काला गेलात, आणि व्हँकुव्हर ‘दूरचं’ धरत नाहीत. संगणक दोन्ही तिकिटं बिनबोभाट विकतो आणि मग कंपनीचं पत्र येतं. शिवाय व्हँकुव्हरला उतरायचं म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा हवाच. युरोपात शेंगेन व्हिसा अनेकवार प्रवेशाचा घ्या, कारण जहाज मध्येच तुर्कस्तानला टेकून आलं की तुम्ही बाहेर जाऊन पुन्हा आत आलात असं होतं. सिंगापूरला अरायव्हल कार्ड येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. विमानाने आलात तेव्हा भरलेलं समुद्रातून परतताना कामाला येत नाही, आणि भर समुद्रात इंटरनेट शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या सफरीत जेवणाचे पदार्थ आणि रात्रीचे कार्यक्रम बरेचसे तेच असतात. आम्हाला चाललं. तोच जादूगार दुसऱ्यांदा बघताना आमच्या यांना हातचलाखी कळली आणि ते भलतेच खूश झाले.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते, सात छोटे भोंगे आणि एक लांब. दुसऱ्यांदा ऐकताना बहुतेकांच्या तोंडावर ‘हे झालंय आमचं’ असा भाव. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली. ते जहाज वाटेतल्या अनेक बंदरांवर प्रवासी चढवत-उतरवत जायचं, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो जणांची कवायत अजून व्हायची होती. तेव्हाच्या नियमात ती २४ तासांत झाली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती व्हावी लागते, आणि दर सफरीला नव्याने. आम्ही कंटाळत गेलो, तिथल्या मुलीने आमची कार्डं बघितली आणि म्हणाली, ‘मावशी, तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभ्या आहात.’ केबिन बदलली होती, तिच्याबरोबर मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायचं ठिकाणही बदललं होतं. पहिल्या सफरीला आमचं डाव्या बाजूला होतं, दुसऱ्या सफरीला उजव्या. नव्या कार्डावर त्या स्टेशनचं अक्षर छापलेलं असतं. कार्ड हातात पडलं की आधी ते बघा आणि तिथवर एकदा जिन्याने चालत जाऊन या, कारण संकटाच्या वेळी लिफ्ट बंद असतात.