बीज कोणाचे, शेत कोणाचे?

मुलगी म्हणजे परक्याचे धन, हे आपण लहानपणापासून ऐकतो. या समजुतीचे मूळ समाजशास्त्रज्ञ लीला दुबे (१९२३–२०१२) यांनी शोधले. पुरुष बीज व स्त्री क्षेत्र, या जुन्या कल्पनेची चिकित्सा त्यांनी १९८६ च्या निबंधात केली. ज्याचे बी, त्याचे पीक. म्हणून अपत्य व कूळ बापाचे. शेत राबते, पण पिकावर हक्क सांगू शकत नाही. आईचेही तसेच.

ही निसर्गाचीच व्यवस्था म्हणावी काय? लक्षद्वीपमधील कल्पेनी बेटावरील मुस्लिम समाजाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कूळ आईकडून चाले. लग्नानंतरही मुलगी आईच्याच घरी राही, नवरा रात्री तिच्याकडे येई. वडिलोपार्जित मालमत्ताही स्त्रियांच्या वंशातच राही. म्हणजे व्यवस्था माणसानेच घडविलेली आहे.

२००५ च्या कायद्याने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तरीही मामांनी हक्कसोडपत्र पुढे करताच माझ्या आईने मुकाट्याने सही केली. "माहेर तुटायला नको," एवढेच ती म्हणाली. उद्या तोच कागद मी माझ्या बहिणीपुढे ठेवणार काय? परीक्षेत न येणारा हा प्रश्न मला सोडविलाच पाहिजे.