व्हिडिओ थांबवायचा कुठे?

पुण्यात मी जर्मन शिकवते. २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि वर्गातले चेहरे बदलू लागले. कॉलेजची मुले आणि आयटीतली मंडळी होतीच, आता बीड, लातूर, सांगलीकडच्या नर्सही येऊन बसतात. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला त्यांना साधारणपणे बी२ पातळी गाठावी लागते. ड्यूटी सांभाळून शिकणाऱ्या या मुलींचा वर्गाबाहेरचा अभ्यास बहुतेक मोबाइलवरच्या व्हिडिओंवर होतो. त्यांचे वर्षभराचे कष्ट आणि घरच्यांचा पैसा त्यात गुंतलेला असतो, म्हणून हे मनापासून लिहिते आहे.

१. एकच मालिका धरा आणि ती पुरी करा. ‘दहा मिनिटांत पन्नास वाक्ये’ अशा व्हिडिओंत कुणी कुणाला काही विचारत नाही, कुणी उत्तरही देत नाही. वाक्ये नुसती समोरून निघून जातात. मी नवशिक्यांना डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ देते. ती मोफत आहे, ए१ ते बी१ अशी चढत जाते आणि प्रत्येक भागासोबत संवादांची संहिता व स्वाध्याय मिळतात. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग हरवते, मग ओळखी होतात, राहण्या-खाण्याची सोय होते, कामाची खटपट सुरू होते. गोष्ट पुढे सरकते तसे तेच शब्द वेगळ्या माणसांच्या तोंडून परत येतात. शब्द पक्का होतो तो अशाने.

२. प्रश्न संपला की व्हिडिओ थांबवा. मला सांगायचे आहे त्यातले सर्वांत महत्त्वाचे हेच. पाहताना सगळे कळते. चेहरे दिसतात, हातवारे दिसतात, टेबलावरचा मेनू दिसतो आणि ‘मला जमते आहे’ असे वाटत राहते. पण समजणे आणि बोलणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. दुसऱ्या कामाचा सराव व्हिडिओ आपण होऊन देत नाही. म्हणून वेटरने ‘काय घेणार?’ विचारले की मी तिथेच थांबवते. वर्ग गप्प होतो. मी उत्तर पुरवत नाही, वाट बघते. मग कुणीतरी अर्धे वाक्य टाकते, दुसरी त्यात क्रियापद बसवते, तिसरी ‘बिटं’, म्हणजे ‘कृपया’, जोडते. त्यानंतरच व्हिडिओतल्या माणसाचे उत्तर ऐकायचे आणि आपले त्याच्याशी ताडून बघायचे. दोन मिनिटांच्या तुकड्यावर कधी कधी अख्खा तास जातो आणि तो सत्कारणी लागतो. घरी एकटीने पाहणारीलाही हे जमते. उत्तर मात्र मोठ्याने द्यायचे, मनात दिलेले धरायचे नाही. हॉस्टेलवर खोलीतल्या मैत्रिणी हसतात अशी तक्रार येते. हसू द्या.

३. खालच्या पट्टीवर ताबा ठेवा. ‘इझी जर्मन’वाले रस्त्यात माइक घेऊन लोकांना गाठतात. खरीखुरी बोलती भाषा ऐकायला तो खजिना आहे. पण त्यांच्या पडद्यावर जर्मन आणि इंग्रजी अशा दोन ओळी धावतात आणि डोळे आपसूक इंग्रजीकडे जातात. मी पडद्याच्या तळाशी कागदाची पट्टी चिकटवायला सांगते. पहिल्यांदा दोन्ही ओळी झाकून ऐका, दुसऱ्यांदा फक्त जर्मन ओळ उघडा, अगदीच अडले तर इंग्रजी.

४. वेग ०.७५च्या खाली नेऊ नका. जर्मनमध्ये ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ फिरतो. आखूड स्वराचे ‘श्टाट’ म्हणजे शहर आणि लांब स्वराचे ‘श्टाट’ म्हणजे राज्य. वेग निम्मा केला की सगळेच स्वर ताणले जातात आणि कान नेमका हाच फरक विसरतो.

५. आवाज बंद करूनही पाहा. ‘डी झेंडुंग मिट डेर माउस’ हा मुलांचा कार्यक्रम १९७१पासून चालू आहे. रोजच्या वस्तू कशा तयार होतात हे त्यात पायरीपायरीने दाखवतात. तो आवाजाशिवाय लावायचा आणि निवेदन आपण करायचे. बी१च्या मुलींना याने जेवढा सराव होतो, तेवढा व्याकरणाच्या वहीने होत नाही.

६. व्याकरण मराठीतून समजून घ्या. यूट्यूबवर जर्मन शिकवणारे बहुतेक इंग्रजीतून नाहीतर हिंदीतून बोलतात आणि डेर-डी-डास ही तीन लिंगे म्हणजे मोठे संकट असल्यासारखे सांगतात. आपल्याकडे तो-ती-ते आहेच! शब्द जुळत नाहीत हे खरे. सूर्य तिथे स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी. पण नामाला लिंग असते आणि त्याप्रमाणे विशेषण बदलते, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. ‘डास मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी, यावर इंग्रजी व्हिडिओ बराच वेळ नवल करत बसतात. सावंतवाडीकडची एक विद्यार्थिनी मात्र पटकन म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडे चेडू तेच की!’ उच्चारांचेही तसेच. जर्मन ‘झेड’ अक्षराचा उच्चार इंग्रजीतून समजवायला पाच मिनिटे लागतात. मराठी माणसाला ‘चहा’तला नव्हे, ‘चांगला’तला च म्हटले की पुरते. म्हणून मी असे मुद्दे मराठीत बोलून छोटे व्हिडिओ करते आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकते. मराठी शिक्षकांनी असे व्हिडिओ भरपूर करावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही उणीव परदेशातून कुणी येऊन भरून काढणार नाही.

७. मागे नेण्याच्या बटणाची सवय तोडा. ग्योथे संस्थेच्या बी१ परीक्षेत ऐकण्याच्या चार भागांपैकी दोन एकदाच ऐकवतात. वॉर्डात तर पेशंट जे काही सांगतो ते त्याच्या वेगाने आणि त्याच्या वेदनेसकट. म्हणून परीक्षेआधीच्या महिन्यात रोज एक नवा तुकडा एकदाच ऐकायचा आणि कळले तेवढे लिहायचे. ‘परत लावा ना’ असे कुणी म्हटले तर मी तिला ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ हे जर्मनमध्ये विचारायला लावते. पेशंटला हेच विचारायचे आहे, आणि न कळलेले कळल्यासारखे दाखवण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित.

८. कुठे जायचे ते ठरले की तिथली बोली ऐकायला लागा. शिकवणीच्या व्हिडिओंतली भाषा प्रमाण आणि स्वच्छ असते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये श्टुटगार्टच्या परिसरातले आजी-आजोबा मात्र श्वेबिश बोलतात. ‘इस्ट’चे ‘इश’ होते, ‘निश्ट’चे ‘नेट’, आणि आपोआप तयार होणारी उपशीर्षके तिथे गडबडतात. बी२ झालेल्या मुलींनाही पहिल्यांदा ऐकताना धक्का बसतो. तो तिकडे ड्यूटीच्या पहिल्या दिवशी बसण्यापेक्षा इथे बसलेला बरा. एसडब्ल्यूआर या तिथल्या प्रसारण संस्थेच्या ‘लांडेसशाउ’मध्ये शेतकरी, बेकरीवाले, म्हातारी माणसे आपल्या बोलीत बोलताना भेटतात. बोलता यायला हवे असा आग्रह नाही, कानावरून गेलेले असावे एवढेच. पुढच्या तुकडीला मी हे बी१पासूनच, आठवड्यातून एकदा ऐकवणार आहे.