व्याजदर वाचण्याआधी परवाना वाचा

मुंबईत दादर-गिरगावसारख्या भागात थोडं चाललं तरी राष्ट्रीयीकृत बँक, खासगी बँक, सहकारी बँक, स्मॉल फायनान्स बँक आणि पतसंस्था अशा पाचही पाट्या दिसतात. ठेवीदार बहुधा काचेवर चिकटवलेला व्याजदर वाचूनच आत शिरतो. त्याआधी त्या संस्थेला परवाना कुणी दिलाय, हे विचारायला हवं. तुमचा खरा खर्च तिथे ठरतो.

पहिल्या चौघांना परवाना रिझर्व्ह बँकेचा. त्यामुळे बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेमागे एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. फेब्रुवारी २०२० आधी ही मर्यादा १ लाखच होती. विम्याचा हप्ता बँकेने भरायचा, तुमच्याकडून वसूल करायचा नाही. पण या ५ लाखांत व्याजही मोजलं जातं आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. ७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवलेले ५ लाख वर्षाने ५,३५,९३० होतात. वरचे ३५,९३० विम्याबाहेर राहतात. म्हणून वर्षभराची ठेव साडेचार लाखांवरच थांबवावी, उरलेले पैसे दुसऱ्या बँकेत ठेवावेत.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून जेमतेम १,००० रुपये काढता येत होते. ही बँक मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी होती, शेड्यूल्डही, म्हणजे रिझर्व्ह बँक कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेली होती. निवृत्तीची पुंजी अडकलेली म्हातारी माणसं फलक घेऊन रस्त्यावर उभी असलेली पाहिली, तेव्हापासून ‘शेड्यूल्ड’ या शब्दावर विसंबून मी कुणालाही ठेव ठेवायला सांगत नाही. २०२१ च्या कायदादुरुस्तीमुळे आता असे निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली आहे. तरीही या तीन महिन्यांचा घरखर्च दुसरीकडे हवाच.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. तिची नोंदणी सहकार खात्याकडे होते, मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकांकडे. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, म्हणून ठेव विमाही नाही. कागदपत्रांअभावी बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत, अशा फेरीवाल्यांना आणि छोट्या दुकानदारांना पतसंस्थांनी कर्ज दिलंय, हे मोठं काम आहे. पण अध्यक्ष ओळखीचे आहेत आणि दीड टक्का व्याज जास्त मिळतंय, एवढ्यावर मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवू नका.

सहकारी बँकेतून कर्ज घेताना शेअर्सचा खर्च विसरला जातो. अनेक बँका तारण कर्जावर अडीच टक्के आणि विनातारण कर्जावर पाच टक्के रकमेचे शेअर्स घ्यायला लावतात. १० लाखांच्या तारण कर्जात २५,००० रुपये असे अडकतात. त्यावर लाभांश मिळू शकतो, पण शेअर म्हणजे ठेव नव्हे. त्याला विमा नाही. व्याजदरांची तुलना करताना ही रक्कम धराच.

बचत खात्यात किमान शिल्लक ठेवण्याचाही खर्च असतो, दंड लागला नाही तरी. १०,००० रुपये अडीच टक्क्यांवर पडून राहिले आणि मुदत ठेवीवर साडेसहा टक्के मिळत असतील, तर वर्षाला ४०० रुपये गेले. स्टेट बँकेने किमान शिल्लकीची अट २०२० मध्येच काढली. पगार खातं नसेल तर कुठल्याही बँकेत ‘मूलभूत बचत ठेव खातं’ मागा. त्यात किमान शिल्लक लागत नाही आणि एटीएम कार्ड फुकट मिळतं. मुंबईत दुसऱ्या बँकेचं एटीएम महिन्यातून तीनदा मोफत आहे. त्यापुढे मे २०२५ पासून दरवेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क, त्यावर जीएसटी. म्हणजे २७ रुपये १४ पैसे.

या पाच पाट्यांपलीकडची पेमेंट्स बँक वीजबिल भरायला, गावी पैसे पाठवायला सोयीची. दिवसअखेर खात्यात २ लाखांहून जास्त ठेवता येत नाहीत आणि तिला स्वतः कर्ज देता येत नाही.

चुकीचं शुल्क कापलं गेलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे एक रुपयाही लागत नाही, चौकशीसाठी क्रमांक १४४४८. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे घेतली जात नाही. ती मल्टिस्टेट नसेल, तर त्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांचं कार्यालय गाठावं लागतं.