अंड्याचा परवाना आणि अंड्यातील जंतू

‘आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांकडे अंडी विकण्याचा परवाना असतो का? नसल्यास ती अंडी घ्यावीत का?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधील कलम १८ ने शेतकऱ्याला शेतावरील मालापुरते वगळले आहे. खुराड्यातली अंडी घरच्या घरी शेजाऱ्याला विकणाऱ्याकडे कोणी कागद मागणार नाही. गावोगावची अंडी गोळा करून विकणारा फेरीवाला किंवा छोटा किराणा दुकानदार यांना मात्र कलम ३१ प्रमाणे नोंदणी करावी लागते. परवाना लागतो तो मोठ्या व्यापाऱ्याला. मला विचाराल तर, चार डझन अंडी विकणाऱ्या म्हातारीमागे परवान्याचा ससेमिरा लावू नये. गोळा करून विकणाऱ्याने मात्र नोंदणी टाळू नये. उद्या दहा घरांत जुलाब झाले, तर अंडी कुठून आली हे शोधायला त्याचाच उपयोग होतो.

पण नोंदणीने अंड्याच्या आतले दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात सहा वर्षांचा एक मुलगा आणला होता. ताप, पोटात कळा, जुलाब, डोळे खोल गेलेले. अशक्तपणा जावा म्हणून आदल्या दिवशी त्याला दुधात कच्चे अंडे फेटून दिले होते. दोष अंड्याचाच होता, हे तपासणीवाचून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माझा संशय त्यावरच होता. आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, गावरानच होतं की!’’

साल्मोनेला नावाचे जंतू गावरान आणि पोल्ट्री असा भेद करीत नाहीत. उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीतही ते असू शकतात. कधी ते कवच तयार होण्यापूर्वीच अंड्यात शिरतात, कधी विष्ठेतून कवचाच्या सूक्ष्म छिद्रांवाटे. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो ही छिद्रे झाकतो. विकणारी बाई चांगल्या हेतूने बादलीत अंडी धुते आणि नेमका तोच थर जातो. शिवाय गार पाण्याने आतला भाग आकसून घाण आत ओढली जाते. तेव्हा धुतलेली, तडकलेली, विष्ठेने माखलेली अंडी घेऊ नका. स्वस्त मिळाली तरी नाही. पाण्यात बुडणारे अंडे ताजे असते, पण म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही.

लहान मुले, गरोदर व बाळंत स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना कच्चे किंवा हाफफ्राय अंडे देऊ नका. पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा. त्याने कस जात नाही. उलट शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने अधिक पचतात. अंडे फोडल्यावर हात साबणाने धुवा.

जुलाब लागल्यास जलसंजीवनी लगेच सुरू करा. शौचात रक्त पडले, ताप उतरेना किंवा मुलाची लघवी कमी झाली, तर घरी थांबू नका.